शिष्यवृत्तीचा बघण्याचा कार्यक्रम

आमच्या घरमालकांनी जिल्ह्यातल्या जितक्या अनोळखी घरांत चहा प्यायला असेल, तितक्या घरांत निवडणुकीला उभ्या राहिलेल्या उमेदवारानेही प्यायला नसेल. नव्वद सालच्या पुढेमागे कोल्हापुरात मंगळवार पेठेत त्यांच्या माडीवर मी बिऱ्हाड केलं. काका एसटीतून निवृत्त झालेले, काकू सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. मूलबाळ नव्हतं. दोघांच्या दोन पेन्शनी. एकीवर घर चालायचं, दुसरी गरीब पोरांच्या शिष्यवृत्तीला. कुणाची कुठे जायची यावर दर महिन्याला भांडण व्हायचं, कारण दोघांनाही आपलीच पोरांना द्यायची असे.

काका गुणपत्रिकेकडे ढुंकूनही बघत नसत. "मार्क कागदावर असत्यात, पोरगं घरात असतंय. घर बघाय पायजे," असं म्हणून अर्ज करणाऱ्या प्रत्येकाच्या गावी ते काकूंना घेऊन एसटीने जात, तेही न कळवता. कळवलं की लोक शेजारच्या खुर्च्या आणून मांडतात, हा अनुभव. परक्याच्या उंबऱ्याला नीट जावं म्हणून काकांचा कोट-फेटा, काकूंची ठेवणीतली साडी आणि नथ, हातात अर्धा किलो पेढे. तिथे काका धडा वाचून घेत आणि काकू पोराच्या पापण्या ओढून बघत. हुपरीच्या एका हुशार मुलाला त्या म्हणाल्या, "अंगात रगात न्हाय, डोस्क्यात गणित कुठनं ऱ्हाणार?" त्याला शिष्यवृत्तीबरोबर वर्षभर शेंगदाण्याचे लाडू गेले. पोचवणारा हमाल अर्थातच मी.

एका जूनमध्ये गडहिंग्लजजवळच्या खेड्यातून एका मुलीचा अर्ज आला. बारावी झालेली, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळत होता. अर्ज तिने घरच्यांना चोरून टाकला होता, हे आम्हाला काय ठाऊक? रविवारी आम्ही तिघं दारात उभे राहिलो. तिच्या वडिलांनी फेटा बघितला, नथ बघितली, पेढ्यांचा पुडा बघितला आणि लगबगीने घोंगडं अंथरलं. दहा मिनिटांत भावकी गोळा झाली. मुलगी साडी नेसून पोहे घेऊन आली. तिची आई माझ्या टकलाकडे बघून खचलीच. मी तेव्हा चाळिशीचा, दोन पोरांचा बाप. काय घोटाळा झालाय ते माझ्या ध्यानात आलं, पण पाचावर धारण बसल्याने मी मूग गिळून पोहे खाल्ले. काकूंनी मुलीच्या पापण्या ओढल्या, काकांनी उतारा वाचून घेतला. तिने खणखणीत वाचला. कोल्हापूरची माणसं फार पारखून घेतात, असं कौतुकाने बोलत भावकी ओसरीवर गेली.

मग वडिलांनी हळूच विचारलं, "मुलगा काय करतोय म्हणायचा?"

"कुठला मुलगा?" काकू म्हणाल्या. "आमाला मूलच न्हाय. आमी तुमच्या पोरगीला शिकवाय आलोय."

वडिलांचा चेहरा लाल झाला. "आख्ख्या गल्लीला सांगून बसलोय की, पोरगीला बघाय पावणं आल्यात म्हणून. आता त्वांड कुठं दाखवू? आन् शिक्षान बास झालं. दिवाळीच्या आत उजवायची हाय तिला."

मुलगी चौकट घट्ट धरून उभी होती. तिचं इंजिनिअरिंग त्या एका वाक्यात संपलं होतं. काका उठू लागले, पण काकू जागच्या हलल्या नाहीत.

"मग सांगा की गल्लीला, पोरगी पसंत केली म्हणून," त्या म्हणाल्या. "मुलगा शोधाय चार वर्सं लागतील म्हणावं. तवर पोरगी आमच्याकडं ऱ्हाईल."

वडिलांनी मुलीकडे वळून बघितलं. "येवढं झ्याक वाचतीया, मला ठावंच न्हवतं," ते पुटपुटले. मग पुडा उचलून त्यांनी ओसरीवर पेढे वाटले.

ती चार वर्षं माझ्या खालच्या मजल्यावर राहिली आणि इंजिनिअर झाली. त्याच साली काका गेले. पुढच्या जूनमध्ये तिचे वडील गुळाची ढेप घेऊन आले आणि काकूंसमोर अवघडून बसले.

"धाकटी बारावी झाली," ते म्हणाले. "तिला बघाय कवा येताय?"

काकूंना रडू आवरेना. "आता एकटीच येतो मी. चालंल न्हवं?"

"चालंल की. आमाला तरी कुठं नवरामुलगा पायजे हाय?"

त्या रविवारी एसटीत काकूंच्या शेजारी मी बसलो. काका असते तर त्यांनी मला मागच्या सीटवर धाडलं असतं.