पेडलवर पाय ठेवणारा गाडीवान

आमच्या जुन्या जीपच्या पुढच्या चाकांचे ब्रेक लायनर आप्पांनी निपाणीत घरच्या अंगणातच बदलले. दुसऱ्या दिवशी आक्काला आणि तिच्या तान्ह्या बाळाला तवंदी घाटातून बेळगावला सोडायचं होतं. ब्रेकच्या नळीतली हवा तेवढी काढायची राहिली. आप्पा चाकाशी, मी तेलाचा डबा धरून. पेडल दाबायला कुणीच नाही. म्हणून त्यांनी तंबाखूची बैलगाडी घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्याला हाक मारली.

त्यानं चपला बाहेर काढल्या. पेडलला हात लावून कपाळाला नेला आणि मगच पाय ठेवला. आप्पा "दाबा" म्हणाले की तो मागं रेलून दोन्ही हातांनी स्टिअरिंग छातीकडं ओढायचा, कासरा ओढावा तसं.

आप्पा वैतागले. "हातानं काय वडताय? पायानं दाबा!"

"पायानंच दाबतोय वो. हातास्नी सवय हाय."

काम झालं, तसा तो उतरला आणि त्यानं बॉनेट थोपटलं.

"पळाल्यावर समदीच थोपटत्यात, आण्णा. थांबल्यावर थोपटावं."

आप्पा नुसतेच हसले. नाव विचारायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी घाटाच्या वळणावर अचानक म्हशी आडव्या आल्या. आप्पांनी ब्रेक दाबला. जीप जागच्या जागी थांबली. आक्काच्या मांडीवरचं बाळ जागंसुद्धा झालं नाही. आमचा जीव भांड्यात पडला.

मी दहावी पास झाले तेव्हाही आप्पांनी माझी पाठ थोपटली नव्हती. आता मात्र त्यांचा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि डॅशबोर्ड हळूच थोपटू लागला.