गादीवर अनवाणी

साड्यांच्या दुकानात दोन ढीग साचतात. एक गिऱ्हाइकांनी उलगडून नापसंत केलेल्या साड्यांचा आणि दुसरा संध्याकाळी त्यांच्या घड्या घालताना निघणाऱ्या किश्श्यांचा. महाडच्या आमच्या दुकानात मी ब्लाउजपीसच्या कपाटापाशी, सलीमभाई ड्रेस मटेरियलला आणि गादीवर दत्तूकाका. साडी स्वतःच्या अंगावर लावून दाखवावी तर काकांनीच! दिवसभर उभं राहून तिघांचेही पाय दुखतात. पण हसण्यासारखे किस्से सगळे काकांच्या टाचेचे, आणि रडण्यासारखेही तिचेच.

*

सकाळी पहिलं पाऊल टेकलं की काकांच्या टाचेत खिळा घुसायचा. डॉक्टरांनी बजावलं, "अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. घरातसुद्धा मऊ चप्पल!"

"पण साहेब, दुकानात गादी हाय. तिच्यावर चप्पल कशी घालू? लक्ष्मी हाय ती!"

"मग औषधही लक्ष्मीलाच विचारा!"

आता गादी म्हणजे काय, आतला कापूस कधीच दबलाय. पायाला खालची फरशीच लागते.

*

कुणीतरी सांगितलं, बर्फाची बाटली तळव्याखाली फिरवा. काका शेजारच्या कोल्ड्रिंकवाल्याच्या फ्रीजरमध्ये पाण्याची बाटली ठेवायचे आणि गिऱ्हाईक नसलं की पायाखाली फिरवत बसायचे.

एकदा पोलादपूरची मंडळी भर उन्हातून आली. शेठनी मोठ्या प्रेमाने समोर दिसली ती बाटली उचलून त्यांच्यातल्या आजोबांना दिली. आजोबा घटाघटा प्यायले. आम्ही तिघे छताकडे बघत उभे!

आजोबांनी तोंड पुसलं आणि विचारलं, "लय गार हाय हो! अजून हाय काय?"

*

निदान जाता-येता घालायला तरी मऊ चप्पल हवी, म्हणून मी काकांना घेऊन बाजारात गेले. एक चप्पल कडक, दुसरी अंगठ्याला चावणारी. शेवटी दुकानदाराने जांभळी काढली, वर हे एवढं फूल!

"मऊ म्हणाल तर हीच. पण लेडीज हाय."

काका ती घालून चार पावलं चालले. कित्येक महिन्यांनी त्यांच्या कपाळावरची आठी गेली.

"बांध!" काका म्हणाले. "रोज साडी लावतो अंगावर, चपलेला काय लाजू?"

घरी जाऊन त्यांनी फूल कापलं. डिंकाचा डाग मात्र राहिला.

*

सलीमभाईंचा भाऊ कुवेतला असतो. त्याने बुटात घालायचे जेलचे सोल पाठवले. काकांनी डोकं लढवलं आणि ते मोज्यांत सरकवले. गादीवर चप्पल नाही, पण मोजे घालायला कोण अडवणार? आठवडाभर काका नुसते हवेत!

मग एकदा पैठणी लावून गिरकी घेताना मोजा घसरला आणि सोल सटकून गादीवर पडला. गिऱ्हाइकाची चिमुरडी किंचाळली, "आई, मामांचा पाय पडला!"

सगळं दुकान हसलं. शेठ हसले नाहीत.

*

शेठ वाईट नाहीत, हे आवर्जून सांगते. त्यांनी काकांना शांतपणे बोलावलं.

"काका, तुमचे हाल बघवत नाहीत. टाच बरी होईपर्यंत दारात बसा. स्टूल देतो. तिथे खुशाल चप्पल घाला."

आणि दारात काम काय? तर गिऱ्हाइकांच्या चपला सांभाळायच्या!

ज्यांच्या हातून अर्ध्या तालुक्याचे शालू गेले, ते काका जांभळ्या चपला घालून दुसऱ्यांच्या चपलांचे जोड लावत बसले. एक नेहमीची बाई आली, त्यांच्यापुढे सँडल काढून सरळ आत गेली. माझं डोकंच फिरलं.

"काका, तिने ओळखलं नाही तुम्हाला?"

"दारातल्याचं तोंड कोण बघतो गो?" काका म्हणाले. मग हळूच, "टाच बरी हाय आता. शेठना सांग ना, एकदा वर चढू दे."

हे ते रोज सांगायचे. पण दुकान बंद झाल्यावर वीर गावाला जाणाऱ्या रिक्षापर्यंत ते कसे जातात, भिंतीला धरून, हे मी बघत होते. माझी डावी टाचही हल्ली ठणकते. मी कुणाला सांगत नाही.

*

लग्नसराईत वरंधची एक बाई लेकीला घेऊन आली. सलीमभाईंनी ढीगभर शालू पाडले, पण बाई ऐकेना. "अंगावर बघितल्याबिगर नाय घेणार!"

शेठनी दाराकडे बघितलं. "काका, खरंच बरी आहे टाच?"

"एकदम! बघा तरी!"

"आज जमलं तर उद्यापासून वर या."

काकांनी जांभळ्या चपला दारात काढल्या आणि गादीवर चढले. निऱ्या काढल्या, पदर खांद्यावर टाकला आणि जागेवरच उभं राहून असा हात फिरवला, की आमचे जुने काका परत आले. ओठ तेवढे पांढरे पडले होते. सलीमभाईंनी माझा हात दाबला.

"हाच द्या!" बाई म्हणाली. शेठ खूश झाले. काका पदर काढायला लागले.

तेवढ्यात लेक पुढे सरकली. "मामा, जरा त्या आरशापर्यंत चालून दाखवा ना!"