डिंपल कोणत्या काठाची?

पांढुर्ण्याच्या पुलाच्या तोंडाशी माझं कापडाचं दुकान आहे. जाम नदीच्या या काठाला पांढुर्णा, पलीकडे सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीला, नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि तो आपल्याच काठाला यावा म्हणून दोन्हीकडची माणसं दगड मारून एकमेकांची डोकी फोडतात. ते मी लहानपणापासून बघत आलोय, त्यावर आज बोलायचं नाही. बोलायचं आहे वच्छलाबद्दल, आणि बोलताना माझा आवाज चढला तर चढू द्या.

वच्छला जवळच्याच रामाकोना गावची लेक. संत्र्याच्या हंगामात मंडीत छाटणीला बसते. एका नजरेत फळ हेरून बरोबर ढिगात टाकते, आणि तोंड हातापेक्षा जोरात चालतं. नवरा नागपूरला कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. उन्हाळ्यात रस्ता रुंद करायला निघाले, त्यात तिची भाड्याची खोली पडली. भरपाई झालीच असेल तर ती घरमालकाची. भाडेकरणीला कोण विचारतो? ती आठवीतल्या डिंपलला घेऊन नदीकाठी ताडपत्रीखाली राहायला आली. आल्याआल्या तिनं आधी काठ झाडून काढला. बिनघराच्या माणसांना शिस्त नसते म्हणणाऱ्यांनी ते अंगण बघायला हवं होतं. पोरीचा गणवेश पुलाच्या कठड्यावर वाळायचा आणि पोर रोज लाल रिबिनी बांधून, वेण्या घालून शाळेत जायची.

गोटमार जवळ आली तसा काठ साफ करायचा हुकूम निघाला. ट्रॅक्टर आला. ताडपत्री गेली, भांडी गेली, त्यातच डिंपलचं दप्तरही गेलं. वच्छला ट्रॅक्टरच्या मागं धावली, पण कोणी थांबलं नाही. मग मायलेकी पूल ओलांडून सावरगावात एका बंद पडलेल्या पिठाच्या चक्कीच्या ओट्यावर राहायला गेल्या. माझ्या दुकानातून तो ओटा दिसतो, इतकंच ते अंतर.

दप्तराशिवाय शाळेत जायची डिंपलला लाज वाटली, म्हणून ती काही दिवस घरीच राहिली. घरी म्हणजे ओट्यावर. मैत्रिणीची पुस्तकं मागून गेली तर हेडमास्तर रवींद्र सरांनी सांगितलं की तुझं नाव कापलं. का? तर तुम्ही सावरगावला राहायला गेलात. आता टीसी घ्या आणि तिकडच्या शाळेत जा. रवींद्र सर माझं गिऱ्हाईक आहे, माणूस वाईट नाही. पण पूल ओलांडला की माणूस परका झाला हे आमच्या डोक्यात इतकं मुरलंय, की त्यांना यात काही चूक आहे असं खरोखरच वाटलं नाही.

सावरगावच्या शाळेतल्या मृणाल मॅडमचं वेगळंच. त्या म्हणाल्या, पांढुर्णेवाल्यांनी हाकललेली पोर आम्ही का घ्यावी? राहत असल्याचा पुरावा आणा. पुरावा कोण देणार, चक्कीवाला? त्यानं बसू दिलं होतं, लिहून द्यायला तो तयार नव्हता.

महिनाभर वच्छला पुलावरून येरझारा घालत राहिली. आठवीच्या परीक्षेसाठी शाळेतून नावं जायची होती. डिंपलचं गेलं नसतं तर वर्ष बुडालं असतं, आणि अशा पोरीचं एक वर्ष बुडालं की शाळा कायमची सुटते. मग ती आईशेजारी छाटणीला बसते. चौदा वर्षांपर्यंतच्या लेकराला घर असो नसो, शाळा नाकारता येत नाही, हा या देशाचा कायदा आहे. शिक्षण प्रत्येक मुलाचा हक्क आहे असं रवींद्र सरांच्या शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलंय. वच्छला त्याच भिंतीला टेकून त्यांची वाट बघत बसायची. मला त्या रंगाची चीड येते.

शेवटी बाजाराच्या दिवशी तिनं पुलाच्या मधोमध पोतं अंथरलं. डिंपलची वेणी घातली, रिबिनी बांधल्या आणि गणवेशातल्या पोरीला तिथं बसवलं. दोन्हीकडून गाड्या तुंबल्या, हॉर्न वाजायला लागले. पोर मांडीवर पुस्तक उघडून खाली मान घालून बसली होती. पान काही उलटत नव्हतं. एक जण वच्छलावर ओरडला, तशी ती उभी राहिली.

"झेंड्यासाठी दोन्हीकडून धावत येता नं? माही पोरगी इथं बसून राहिली. ज्या काठाची असंन त्यानं घेऊन जा."

मग आमच्या बाजूचं कोणीतरी म्हणालं की पोरगी पांढुर्ण्याचीच आहे. तिकडून सावरगावच्या पोरांनी हाळी दिली की ओटा आमच्याकडं आहे. झालं, सगळ्यांच्या अंगात आलं. जिला काल कोणी उभं करत नव्हतं, ती आज दोघांनाही हवी झाली. दोघं-तिघं पळत जाऊन रवींद्र सरांना घेऊन आले. त्यांनी डिंपलचा हात धरला आणि तिला आमच्या काठाला आणलं, तेव्हा झेंडा तोडल्यासारखा जल्लोष झाला. त्याच दिवशी नाव परत लागलं. मी तेव्हाही संतापलो होतो आणि अजून संतापतोय. कायदा कोणाला आठवला नाही, सावरगावापुढं हरायचं नाही एवढंच आठवलं.

पुढच्या आठवड्यात शाळेत वच्छलाचा सत्कार ठेवला. शाल माझ्याच दुकानातली. पाहुण्यांनी भाषणात डिंपलला पांढुर्ण्याची लेक म्हटलं, टाळ्या पडल्या. दोन शब्द बोला म्हणून वच्छलाच्या हाती माइक दिला. तिनं तो तोंडापासून लांबच धरला, तिला गरजही नव्हती.

"सर, पोरगी तुमची आहे म्हणता नं? मंग रात्री आमाले शाळेच्या वऱ्हांड्यात झोपू द्या. चक्कीवाला ओटा खाली करा म्हणून राहिला."

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच खाली आले. सरांनी पाहुण्यांकडं बघितलं, पाहुण्यांनी घड्याळाकडं. मग सर हळूच म्हणाले की असं नियमात बसत नाही, पण बघू. लगेच राष्ट्रगीत सुरू केलं. वच्छला ते संपेपर्यंत ताठ उभी होती.

मी दुकानात परतलो तेव्हा मायलेकी पुलाच्या तोंडाशी पोचल्या होत्या. शाल डिंपलच्या खांद्यावर होती, नारळ वच्छलाच्या पिशवीत. तिथं पोर थांबली आणि तिनं आईला विचारलं,

"आई, आता कोणत्या बाजूनं जाचं?"

झेंड्यासाठी जीव द्यायला निघणारी दोन गावं दोन्ही हातांना होती. वच्छलानं नारळाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.