सूतमामांनी वाकवलेली गाडी

सूतमामांना जगातली कुठलीही गोष्ट सुतात मोजता यायची. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. लोखंडाच्या कामात हे माप चालतं, हे कुणीही मान्य करील. पण मामा ते कशालाही लावायचे. जोतिबाच्या यात्रेला गर्दी किती होती विचारलं, तर "गेल्या सालापेक्षा दोन सूत जास्तीच." नव्या जावयाबद्दल विचारलं, तर "पोरगं चांगलं हाय, पन अर्धा सूत आखडतंय." एकदा आमच्याकडे जेवायला आले आणि पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावून म्हणाले, "वैनी, मीठ अर्धा सूत कमी पडलंय की." माझ्या बायकोच्या स्वयंपाकाला चाळीस वर्षांत मी एक शब्द बोललो नाही, बोलायची छातीच झाली नाही. तिनं मुकाट्यानं रस्सा चाखला, चिमूटभर मीठ टाकलं आणि वर मलाच म्हणाली, "बघा, जिभेला माप असावं लागतं."

कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांची गाड्या दुरुस्तीची पत्र्याची शेड होती. बाहेर पाटी नव्हती. "पाटी लावली की गिऱ्हाईक येतंय," असं ते तक्रारीच्या सुरात सांगायचे. अंगात खाकी शर्ट आणि उजव्या कानावर सुताराची पेन्सिल. या पेन्सिलीनं त्यांनी आयुष्यात एक अक्षरही लिहिलं नसेल. गाडीचं दार, बॉनेट, काहीही बसवलं की दोन पत्र्यांमधल्या फटीतून ती वरून खाली सरकवायची. अडकली तर काम नापास, सुटून पडली तरी नापास. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पस्तीसला पास, आणि एकतीस-बत्तीस पडले तर वरचे तीन-चार मार्क दयाबुद्धीनं, म्हणजे ग्रेसनं द्यायचे, अशी आमची परंपरा. मी एकदा मामांना म्हटलं, "जरा अडकली तर काय बिघडतं? चालवून घ्यायचं." मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की तीस वर्षांत पास केलेली सगळी पोरं मला परत बोलवावीशी वाटली.

माझ्याकडे माझ्या वडिलांची जुनी पिकअप आहे. गोल नाकाची, डोळे वटारल्यासारखे दिवे असलेली. वडील तिच्यातून गुळाच्या ढेपी जयसिंगपूरला पोचवायचे, आणि तेव्हाही ती दुरुस्त करायला तरुण सूतमामाच असायचे. वडील गेले, गूळ गेला, आणि गाडी अंगणात राहिली. तिच्यात शेजारणीचं मांजर दोनदा व्यालं. मी निवृत्त झालो आणि हातात मोबाइल आला. निवृत्त माणसाच्या हातात मोबाइल आल्यावर त्याला जे होतं ते मलाही झालं. त्यात एका परदेशी माणसाचा व्हिडिओ पाहिला. त्यानं अशाच एका जुन्या पिकअपचं अख्खं तोंड, म्हणजे बॉनेट, दोन्ही मडगार्ड, जाळी, दिवे, सगळं एकत्र जोडून पुढच्या बाजूला बिजागऱ्या लावल्या होत्या. काचेकडची कड उचलली की सगळं तोंड पुढे झुकायचं आणि इंजिन उघडं पडायचं. मी तसाच मोबाइल घेऊन मामांकडे गेलो.

मामांनी व्हिडिओ दोनदा पाहिला. "सर, ह्ये काय हाय? गाडी हाय का चपातीचा डबा? झाकान उघडून आत काय भाजी ठिवनार?" मी म्हटलं, जगात सगळीकडे करतात. "मग जगात जावा की," म्हणाले आणि पुन्हा एका बॉनेटखाली शिरले.

पण दोन महिन्यांनी मामा त्याच बॉनेटखालून बाहेरच येईनात. पाठ धरली होती. त्यांचा मुलगा दीपक, त्यानं त्यांना उचलून रिक्षात घातलं. डॉक्टरनं सांगितलं, यापुढे वाकायचं नाही. आता, पन्नास वर्षं वाकूनच जगलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे काय! उद्यमनगरानं मामांचं तोंड जितकं पाहिलं नसेल तितकी पाठ पाहिली होती. दीपकच्या डोक्यात शेडच्या जागी गाड्या धुण्याचं सेंटर काढायचं फार दिवस होतं. शेजारी काचेचं केबिन, गाडी धुऊन होईपर्यंत गिऱ्हाइकानं कॉफी पीत बसायचं. मी त्याची चेष्टा करायचो. पण बापाला फरशीवरून उचलायची वेळ माझ्यावर आली नव्हती, त्याच्यावर आली होती, एवढं आता कबूल करतो.

त्यानंतर एका सकाळी मामा माझ्या दारात. कमरेला पट्टा, कानावर पेन्सिल, मागे कपाळाला आठ्या घातलेला दीपक. "सर, त्यो तुमचा चपातीचा डबा करूया," मामा म्हणाले. "म्या स्टुलावर बसून काम करनार. पन्नास वर्सं म्या गाडीम्होरं वाकलो. आता गाडी वाकू दे की जरा." मग दीपककडे वळून, मला साक्षीला धरून म्हणाले, "खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेला, सगळ्यांम्होरं. तोंड एका बोटानं उघडलं, आनि बंद केल्यावर दोन्ही अंगानं पेन्सिल सरकली, तर शेडला हात लावायचा न्हाय. न्हाय सरकली, तर किल्ली तुजी." दीपक म्हणाला, "शब्द?" मामा म्हणाले, "शब्द." तिथल्या तिथे ठरलं. मला वाटलं, माझ्या व्हिडिओचा प्रभाव पडला! माणसाला आपल्या अकलेबद्दल किती गैरसमज असावा, याला काही माप नाही.

मग अडीच महिने मी रोज शेडमध्ये. मामा स्टुलावर बसून कापायचे, जोडायचे. आतून लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा केला, चासीच्या पुढच्या टोकाला बिजागऱ्या बसवल्या, तोंड बंद राहायला मागे खटका आणि जास्त खाली जाऊ नये म्हणून साखळी लावली, आणि वजन तोलायला भंगारातून शोधून दोन दणकट स्प्रिंगा आणल्या. मी घरून कागदावर सगळं गणित मांडून नेलं: बिजागरीपासून वजन किती अंतरावर, कुठल्या बाजूला किती भार, बाणबिण काढून. मामांनी कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला, "ब्येस हाय कागद," म्हणाले आणि त्याला हाताचं ग्रीस पुसलं. त्यांचं गणित वेगळं होतं. स्प्रिंगेखाली एक वायसर, म्हणजे वॉशरची चकती, घालायचा, बोट लावून बघायचं. अर्धा सूत जड. आणखी एक घालायचा. अर्धा सूत हलकं. मग तो काढून कानशीनं घासायचा. असं किती दिवस चाललं असेल, मी मोजणं सोडून दिलं.

शेवटी एका संध्याकाळी त्यांनी माझ्या बायकोला बोलावून घेतलं. "वैनी, करंगळी लावा." तिनं भीत भीत करंगळी लावली, आणि वडिलांच्या त्या अवाढव्य गाडीचं तोंड पाळण्यासारखं हळू पुढे झुकलं. बायको हसायला लागली. लग्नानंतर रंकाळ्यावर पहिल्यांदा गेलो होतो, त्यानंतर ती तशी हसलेली मी पाहिली नव्हती. बंद केल्यावर मामांनी पेन्सिल काढली. डावीकडून सरकली. उजवीकडूनही सरकली. दीपक कोपऱ्यात उभा होता, त्याच्याही कपाळावरच्या आठ्या गेल्या.

म्हणजे मामा जिंकले होते. पूजा करायची, बोट लावायचं, पेढे वाटायचे, संपलं. पण मी पडलो कोल्हापूरचा. एवढं काम झालं आणि चार लोकांना कळलं नाही तर ते झालंच नाही, ही आमची पक्की समजूत. मी आमच्या भागाच्या नेत्यांना, म्हणजे सगळे ज्यांना भाऊ म्हणतात त्यांना, आमंत्रण देऊन आलो. मामा फक्त म्हणाले, "सर, कशाला?" मी म्हटलं, "मामा, तुमचं नाव होऊ दे."

खंडेनवमीच्या सकाळी शेडबाहेर फ्लेक्स लागला. 'भव्य अनावरण सोहळा'. मधे भाऊ, पुरुषभर उंचीचे, मोबाइल कानाला लावून हसणारे. भोवती सतरा कार्यकर्ते. खाली कोपऱ्यात तिकिटाएवढा मी. गाडी नव्हती. मामा तर नव्हतेच. "माजं नाव झालं की न्हाई वो सर?" मामांनी विचारलं. मी घाम पुसला.

भाऊ दोन तास उशिरा आले. गळ्यात झेंडूचा हार, मांडीएवढा जाड, उचलायला दोन माणसं. सगळे कार्यकर्ते गाडीच्या पुढे उभे राहिले, कारण फोटो पुढून निघतो. मामांनी हत्यारांना आणि गाडीला हळदकुंकू वाहिलं, खटका सोडला, एक बोट लावलं. तोंड वीतभर उचललं आणि तसंच तरंगत राहिलं. टाळ्या पडल्या. "नाद खुळा!" मागून कुणीतरी ओरडलं. मामा म्हणाले, "म्होरनं बाजूला सरा, तोंड म्होरं येनार." कुणी हललं नाही. हललेला माणूस फोटोतून गेला, हे त्यांना मामांपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

आणि भाऊंना भरून आलं. आपल्याकडे मोठ्या माणसाला भरून आलं की तो गळ्यातला हार काढून दुसऱ्याला घालतो. "या हाराचा खरा मान या गाडीचा आहे," भाऊ म्हणाले आणि तो अख्खा हार त्यांनी गाडीच्या नाकावर चढवला.

अर्ध्या सुतावर तोललेलं तोंड ते. धाडकन पुढे आलं. भाऊ मागे उडाले ते कार्यकर्त्यांवर, कार्यकर्ते नारळाच्या पोत्यावर. साखळीनं हिसका धरला, डाव्या बिजागरीनं धरला नाही. सगळ्यांनी भाऊंना उचललं, त्यांची टोपी शोधली. मी, ज्यानं बिजागरीच्या पुढे वजन ठेवलं तर काय होतं हे तीस वर्षं फळ्यावर शिकवलं, तो मी हातात शाल आणि श्रीफळ धरून उभा होतो.

गर्दी गेल्यावर मामांनी तोंड परत लावलं आणि पेन्सिल दीपकच्या हातात दिली. उजवीकडून गेली. डावीकडे मध्यावर अडकली. "आबा, ही काही तुमची चूक नाही," दीपक म्हणाला. "हे मी धरत नाही." चांगल्या मनाचा आहे पोरगा. मीही म्हटलं, "मामा, चूक माझी. मीच बोलावलं त्यांना."

मामा स्टुलावर बसले. "न्हाय सर. हाराचं वजन म्या धरलंच न्हवतं. सत्तर वर्सं कोल्हापुरात काढली, खंडेनवमीला गाडीला मानसं हार घालनार, ह्ये मला कळाय नको?" त्यांनी कमरेची किल्ली काढून दीपकच्या हातावर ठेवली. दीपक घेत नव्हता. मामांनी त्याची मूठ स्वतः मिटली. मला तिथं उभं राहवेना.

आता तिथं गाड्या धुतात. कॉफीही बरी मिळते म्हणे, मी अजून प्यायलेलो नाही. त्या थंडीत मामांनी गाडी माझ्या अंगणात आणून सगळं पुन्हा दुरुस्त केलं. रोज सकाळी रिक्षानं यायचे, बरोबर स्वतःचं स्टूल. बिजागरी नवी केली, वायसर काढले, घातले, घासले. काम झाल्यावर म्हणाले, "बघा सर." पेन्सिल दोन्हीकडून सुरेख सरकली. पण तोंडाला बोट लावलं तर ते उचलेना. दोन बोटं लावावी लागली. मी बायकोकडे पाहिलं, बायकोनं माझ्याकडे. पाठ गेली, शेड गेली, आता बोटांतलं मापही गेलं म्हातारबाचं, असं वाटून मला गलबलून आलं. मी म्हटलं, "झकास झालंय मामा!" मामांनी पेन्सिल कानावर ठेवत माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले. स्टूल न्यायला विसरले, की मुद्दाम ठेवून गेले, कोण जाणे. शिमग्यानंतर पंधरा दिवसांत ते झोपेतच गेले. दीपकनं त्यांची पेन्सिल मला आणून दिली.

यंदा खंडेनवमीला मी कुणालाही बोलावलं नाही. मंडईतून झेंडूचा चांगला जाड हार आणला आणि गाडीच्या नाकावर घातला. खटका सोडला आणि सवयीनं दोन बोटं लावायला गेलो, तर पहिलंच बोट टेकलं आणि तोंड हळू, आवाज न करता, पाळण्यासारखं पुढे झुकलं. मला काही कळेना. मी पहिल्यांदाच मामांच्या स्टुलावर बसलो. तिथं बसलं की नाकाची आतली बाजू नेमकी डोळ्यांसमोर येते. पट्टीवर छिन्नीनं, वेड्यावाकड्या अक्षरांत दोन शब्द ठोकलेले होते: 'हार धरून'.

बायको चहा घेऊन बाहेर आली. "काय झालं हो?" तिनं विचारलं. मी पट्टीकडे बोट दाखवलं. आयुष्यभर ज्यांनी कुणाला अर्धा सूत सोडला नाही, त्या माणसाला मी ग्रेस मार्क देऊन पास केलं होतं. आणि ते त्यांनी ओळखलं होतं.