त्याच मॉडेलचे आजोबा

मेमरी वाढली तरच माझ्या जुन्या लॅपटॉपवर घरून भाषांतराचं काम करता येणार होतं. दुकानदाराने तो उघडून पाहिला. "बाई, याची मेमरी आता वस्तुसंग्रहालयात विचारा."

शेजारी एक आजोबा आपला बंद लॅपटॉप रुमालाने पुसत उभे होते. अगदी तेच मॉडेल! त्याचा बोर्ड जळाला होता, दुरुस्ती होणार नव्हती.

"माझ्यातली काढून यांना लावा," ते दुकानदाराला म्हणाले.

मी संकोचले.

"अहो, नेत्रदान समजा."

मेमरी बसली, लॅपटॉप झटकन सुरू झाला. आजोबा पडद्यापुढे वाकले आणि हळूच म्हणाले, "दिसतंय का रे?"

आता काम वेळेवर जातं. रोज सकाळी लॅपटॉप उघडताना मीही त्याला तेच विचारते.