आईच्या कानातली ऐरण

माझा आवाज मूळचा असा नाही. आई माझ्याकडे राहायला आली आणि तिचे कान जात चालले, तसतसा तो चढत गेला. आता "चहा घेतलास का?" एवढंसुद्धा मी भांडल्यासारखं विचारते. समोरच्या फ्लॅटमधल्या आंटींनी एकदा लिफ्टपाशी थांबवून हळूच विचारलं, "एल्ला सरी इदेया?" सगळं ठीक आहे म्हटलं. डोंबलाचं ठीक! एवढ्या मोठ्या बंगळूरमध्ये माझ्या आईशी मराठीत बोलणारी मी एकटी, आणि मी दिवसभर लॅबमध्ये.

अगदीच एकटी नव्हते म्हणा. तिची अक्का होती. अक्का म्हणजे आईची थोरली बहीण, माझी मावशी, निपाणीला असते. रोज दुपारची भांडी आवरली की तिचा फोन यायचा आणि दोघी बहिणी पोटभर बोलायच्या. कुणाच्या सुनेनं काय केलं, कुणाचा गुडघा धरला, यंदा तंबाखू कसा आलाय. आईचा सगळा दिवस त्या फोनसाठी उजाडायचा. मग हळूहळू ते बोलणं आटत गेलं. "अक्का तोंडातल्या तोंडात बोलालीय आजकाल," आई चिडून म्हणायची. अक्का कसली तोंडातल्या तोंडात बोलते! सुट्टीच्या दिवशी तिचा आवाज मला फोनमधून पार स्वयंपाकघरात यायचा. शेवटी अशाच एका सुट्टीच्या दुपारी आईनं फोन माझ्या हातात कोंबला. "तूच बोल. मला काय कळंना झालंय." त्या दिवशी ती जेवली नाही. मला तिच्या कानांचा राग आला होता, पण ओरडले तिच्यावरच.

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा तिनं एकच मागणं मागितलं. "टीव्ही नको, देवळातली घंटा नको. अक्काचं तेवढं ऐकू येऊ दे."

आता माझं काम सांगायला हवं, नाहीतर पुढचा घोटाळा कळायचा नाही. मी मेलेल्या जनावरांचे जबडे बघते. मेलेली म्हणजे कधीची, तर डायनोसॉर नुकते कुठे पाय पसरायला लागले होते तेव्हाची. आपण सगळे सस्तन प्राणी, आणि ही आपली लांबची भावकी. कुणी कुत्र्याएवढं, कुणी मुंगसाएवढं. वंश बुडाला, गोदावरीच्या खोऱ्यात लाल दगडात कवट्या तेवढ्या राहिल्या. त्यांच्या जबड्याची बिजागरी दोन हाडांची होती, एक वरचं आणि एक खालचं. पुढे लाखो पिढ्यांत ती हाडं बारीक होत गेली, जबड्यातून सुटली, आणि आज ती तुमच्या-आमच्या कानात आहेत. शाळेत आपण त्यांना हातोडी आणि ऐरण म्हणून पाठ केलेलं असतं. त्यांची चावण्याची नोकरी गेली आणि ऐकण्याची लागली, असं मी नव्या मुलांना सांगते.

एवढं नाजूक हाड दगड फोडून निघत नाही, भुगा होतो. म्हणून दगडाचाच स्कॅन करायचा, संगणकावर त्याचा एकेक काप उघडायचा आणि हाड असेल तेवढं रंगवायचं. करड्या दगडातलं करडं हाड ओळखायचं म्हणजे डोळ्यांचं भुस्कट. आमच्याकडची रीत अशी की बिजागरीचं खालचं हाड, म्हणजे पुढे जाऊन झालेली हातोडी, पिवळं रंगवायचं आणि वरचं, म्हणजे ऐरण, हिरवं. बहुतेक कवट्यांत यातलं एक तरी गळून गेलेलं असतं. दोन्ही जागेवर सापडली तर त्या दिवशी लॅबमध्ये पेढे येतात.

डॉक्टरांनी आधी आईच्या ऐकण्याची चाचणी घेतली. त्याचा आलेख मी बघितला न बघितला. खाली उतरत जाणाऱ्या रेघा होत्या, मला त्यातलं काही कळत नाही. मग म्हणाले, कानाचा स्कॅनही करून घेऊ. तो इथल्या, बंगळूरच्या शिवाजीनगरला झाला. शनिवारी सीडी हातात आली आणि डॉक्टर भेटणार सोमवारी. मला कुठला दम! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. ऑटो घरी न्यायच्या ऐवजी लॅबकडे वळवला, आईला माझ्या शेजारच्या फिरत्या खुर्चीत बसवलं आणि तिचे कान पडद्यावर उघडले.

काय सांगू! इतकी सुंदर हाडं मी आयुष्यात पाहिली नव्हती. माझ्या जनावरांची ती कायम तडकलेली, चेपलेली, अर्धी गायब. आईची हातोडी अख्खी, ऐरण अख्खी, तिसरं रिकिबीसारखं हाडसुद्धा जागच्या जागी. कुठं चीर नाही की झीज नाही. सवयीनं मी हातोडी पिवळी रंगवली, ऐरण हिरवी. हातच्या कांकणाला आरसा कशाला? दोन्ही जागेवर होती. मी तिच्याकडे वळून ओरडले, "आई, सगळं शाबूत आहे! तुझे कान बरे होणार!" तिला शब्द कळले की नाही कोण जाणे, पण माझं तोंड बघून ती हसली.

"हे माझं हाय?" तिनं पडद्यावरच्या हिरव्या ठिपक्यावर बोट टेकवलं.

मग मी तिला सगळी कथा सांगितली, थोडी ओरडून, थोडी हातवारे करून. तिच्या कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या मागच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "आधी हे इथं असायचं. तेव्हाचं ऐकणंही बहुधा इथूनच. जमिनीची धडधड जबड्यात शिरायची."

"म्हणजे ती तोंडानं ऐकायची? बरी की गं. तू तर कान असून ऐकत न्हाईस."

किती दिवसांनी ती मला चिडवत होती. तिथूनच तिनं मला मावशीला फोन लावायला लावला. सोमवारनंतर अक्काशी पोटभर बोलतो म्हणावं, असा निरोप. मावशी पलीकडून म्हणाली, अंबाबाईची ओटी भरतो मी. रविवारी आईनं शेंगांच्या पोळ्या केल्या आणि एक ताट समोरच्या आंटींकडे पाठवलं. मी आवाज चढवायचा म्हणून चढवत नव्हते त्या दिवशी, आनंदानंच चढत होता.

सोमवारी डॉक्टरांनी स्कॅन चाळला. "हाडं एकदम उत्तम आहेत," ते इंग्रजीत म्हणाले.

"माहीत आहे मला," मी ऐटीत म्हटलं.

"तेच तर वाईट झालं." त्यांनी तो आलेख पुढे ओढला. हाडात बिघाड असता तर ऑपरेशन करून काही जमलं असतं. हाडं चांगली आहेत, म्हणजे जे गेलंय ते त्यांच्याही पलीकडे, आत. ऐकण्याची नसच मरत चालली आहे आणि तिला औषध नाही. कानात यंत्र बसवायचं मोठं ऑपरेशन असतं, पण नस दाद देत नसेल तर तेही वाया जातं. कानाला लावायचं साधं मशीन वापरून बघा, म्हणाले, आवाज मोठा होईल, शब्द कळतील असं मी म्हणणार नाही. ते शांतपणे बोलत होते आणि मला त्या शांतपणाचाच संताप आला.

नस! तिचा मी विचारच केला नव्हता. माझ्या धंद्यात नस कुठली राहायला? मऊ असेल ते आधी जातं, कवटीत तिचं भोक तेवढं उरतं. त्या भोकाला आम्ही नाव देतो आणि पुढच्या कापाकडे जातो. जे उरलंय त्यालाच सगळं समजायची खोड लागते या कामात. आईच्या स्कॅनमध्येही ते भोक होतं, छान, गोल. शनिवारी मी त्यालासुद्धा शाबासकी दिली होती.

ऑटोत आई विचारत राहिली, "काय म्हणाले? कधी करायचं?" रस्त्यावर हॉर्नचा नुसता कल्लोळ. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "नाही होणार! नस गेलीय, आई!" ऑटोवाल्यानं दचकून आरशातून बघितलं. आई थोडा वेळ माझ्या ओठांकडे बघत राहिली. मग पदर सावरून बाहेर बघू लागली. घरी आल्यावर उरलेल्या शेंगांच्या पोळ्या तिनं कुणाला खाऊ दिल्या नाहीत.

मशीन आणलंच. कुकरच्या शिट्टीनं तिला कानात सुरी खुपसल्यागत व्हायचं, आणि अक्काच्या बोलण्याची नुसती घरघर. थोड्याच दिवसांत ते मशीन डबीत गेलं ते गेलंच. मी रोज सकाळी डबी तिच्या पुढ्यात ठेवायचे, ती रोज उचलून फडताळात ठेवायची. लॅबमध्ये मी एक नवी कवटी उघडली आहे. तिच्यात बिजागरीची दोन्ही हाडं जागेवर आहेत. पेढे दुसऱ्या कुणीतरी आणले. मी खाल्ले नाहीत.

परवा मला सुट्टी होती. भांडी आवरून झाली आणि मावशीचा फोन आला. सगळं ठाऊक असूनही म्हणाली, "दे गं तिला, नुसता धरू दे." आईनं फोन घेतला. कानाला लावला नाही. कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या मागच्या कोपऱ्यावर, मी बोट ठेवलं होतं नेमकं तिथं तो दाबून धरला आणि डोळे मिटले.

मी ओरडायला तोंड उघडलं होतं. अगं, तसं नसतं गं बाई! मग तिच्या शेजारी जाऊन बसले.

मावशीचा आवाज माझ्यापर्यंत स्वच्छ येत होता. "ऐकालीस काय गं? ए बाय... कायतरी बोल की." मग नुसतं नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग फोन कट झाला, टूंटूं वाजून थांबला.

आईनं फोन आणखी घट्ट दाबला.

"बोल गं अक्का," ती म्हणाली. "ऐकालोय मी."