वन्समोर मागू नये

अमरावतीच्या आमच्या हौशी मंडळात दिग्दर्शन मी करते आणि नेपथ्यही मीच. त्यामुळे भांडायला दुसरं माणूस लागत नाही. दिग्दर्शिका म्हणते, नटीला मोकळी जागा हवी. नेपथ्यकार म्हणते, तिथंच खांब येतो. पण या वेळच्या संगीत नाटकात दोघींचं पहिल्यापासून एकमत होतं. जे काही उभं करायचं ते ताईंच्या गळ्याकडे बघून.

ताई म्हणजे आमच्या गायिका. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. गेल्या वर्षी त्यांचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि आवाजाचा भरवसा गेला. सकाळी छान लागायचा, दुपारी फाटायचा. डॉक्टर म्हणाले, गा, पण जपून. जपून गाणं म्हणजे काय असतं ते त्यांनाच ठाऊक. ताईंनी मला घरी बोलावलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "हे एक करू दे मले. मंग बसतो घरी निवांत."

नाटक आमचंच, नवं. गावोगाव फिरणाऱ्या एका नाटक कंपनीचा तंबू कायमचा उतरतो आणि कंपनीची म्हातारी गायिका जाता जाता शेवटचं गाणं म्हणते, असं. तंबूसाठी बाळापूरच्या मंडपवाल्याकडून विटलेलं कापड आणलं. मधोमध एक मोठी ट्रंक ठेवली. प्रेक्षकांना ती कंपनीच्या सामानाची वाटावी. खरं तर दुसऱ्या अंतऱ्याला ताईंना बसून श्वास घेता यावा म्हणून होती. गळ्यावरची टाक्यांची खूण झाकायला रुंद ठुशी शोधली. गाण्याची पट्टीही खाली आणली. एवढा बंदोबस्त मी स्वतःच्या लग्नातही केला नव्हता.

एका गोष्टीचा बंदोबस्त मात्र होत नव्हता. आमच्याकडचा माणूस संगीत नाटकाला गाणं ऐकायला येत नाही, दुसऱ्यांदा ऐकायला येतो. वन्समोर न देणारा गायक म्हणजे पंगतीत हात आखडता घेणारा यजमान. आमचे पेटीवाले चाचा तर गाणं संपलं तरी सूर सोडत नाहीत. भाता हलवत बसतात, हाक येईपर्यंत. ताईंच्या गाण्यानंतर त्यांना फार वेळ कधी बसावं लागलं नव्हतं.

प्रयोग अकोल्यात होता. दुपारी रंगीत तालमीत वरच्या सुरावर ताईंचा आवाज चिरकला. मेकअप करताना त्यांनी माझा हात धरला. "पडद्याआधी सांगून टाक लोकाइले. वन्समोर मागू नका म्हना."

"ताई, कोणी ऐकणार आहे का?"

"तरी सांग व. दुसऱ्या डावाले फाटला तं मले तिथंच मरन येईन."

मी सांगितलं. मोबाइल बंद ठेवा, खाण्याच्या वस्तू बाहेर ठेवा, लहान मुलांना आवरा, आणि शेवटी, गायिकेची प्रकृती लक्षात घेऊन कृपया वन्समोर मागू नये. सभागृहानं शांतपणे ऐकून घेतलं. पडदा उघडतो न उघडतो तोच एकाचा मोबाइल वाजला. "नाटकात आहो मी, नाटकात!" असं तो सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या जोरात म्हणाला. मागे चिवड्याची पिशवी फुटली. एक पोरगं रांगांमधून धावत सुटलं. माझ्या सूचनेची अकोल्यात काय किंमत आहे ते मला कळलं.

शेवटचं गाणं आलं. दुसऱ्या अंतऱ्याला ताई ट्रंकेपाशी आल्या, तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उभ्यानंच गायल्या. दुपारी चिरकलेला वरचा सूर आला तेव्हा मी विंगेत डोळे मिटले होते. तो लागला. नुसता लागला नाही, थांबला, आणि मग सावकाश खाली उतरला. मी डोळे उघडले तेव्हा ताई किंचित हसत होत्या.

टाळ्या पडल्या, खूप पडल्या. चाचांनी सूर धरून ठेवला. ताईंनी पुढच्या वाक्यासाठी डावीकडे जायचं होतं, ते मीच बसवलेलं. त्या गेल्या नाहीत. एक हात ठुशीवर ठेवून तिथंच उभ्या राहिल्या. त्यांची ही उभं राहण्याची तऱ्हा मी ओळखते. त्या वाट बघत होत्या.

टाळ्या विरळ झाल्या. पुढच्या रांगेतले एक काका अर्धवट उठले, तोंड उघडलं, आणि शेजारच्या बाईंनी त्यांची बाही ओढून त्यांना खाली बसवलं. माझ्या ओठांवर शब्द आला होता, पण माझा आवाज ताईंनी हजारांत ओळखला असता. पेटीचा सूर चालूच होता. सभागृह इतकं शहाण्यासारखं गप्प बसलं होतं की मला सगळ्यांना उठवून हलवावंसं वाटलं. शेवटी ताई डावीकडे गेल्या आणि आपलं वाक्य बोलल्या.

नंतर लोक आत येऊन फार छान बोलले. तब्येत सांभाळा, असंही प्रत्येकानं सांगितलं. ते गेल्यावर मी ताईंच्या मागे उभी राहून ठुशीचा फासा सोडवू लागले. तो काही केल्या निघेना. मला रडू येत होतं आणि रागही. कुणावर काढावा ते कळत नव्हतं. ज्यानं त्यानं भलंच केलं होतं.

"सांगतलं होतं ना तू त्याइले?" ताईंनी आरशातून विचारलं.

"हो ताई. तुम्हीच म्हणाला होता."

"हाव, मीच म्हटलं होतं." ठुशी निघाली. गळ्यावरची खूण त्यांनी बोटानं चाचपली. "अकोल्याचे लोक कधी कोनाचं ऐकतात का व? मंग माहंच काहून ऐकलं?"